गमरेकाकांचा उमेदवार

मत मागायला दारात आलेल्या माणसाला गमरेकाका पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात, "कपडे वाळत कुठे घालता?"

हात जोडलेला उमेदवार जोडलेल्या हातांनीच थबकतो. मागचे कार्यकर्ते एकमेकांकडे बघतात. लोकसभेच्या एका उमेदवाराला वाटलं, काका हवेतल्या धुळीबद्दल विचारतायत. त्याने प्रदूषणावर चांगलं लांबलचक भाषण केलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते झालं. पण तुमची दोरी कुठल्या गॅलरीत आहे?"

काकांचं म्हणणं सरळ आहे. ज्याला आमच्या वॉर्डातून निवडून यायचंय त्याने आमच्या वॉर्डात राहावं. मला म्हणतात, "भाडेकरार करता येतो, मॅडम. नेमप्लेट दुकानात मिळते. पण ओला टॉवेल माणूस राहत्या घरीच टाकतो." आयुष्य टपालखात्यात गेलेलं. त्यामुळे उमेदवार म्हणजे त्यांच्या लेखी एक पाकीट. दिलेल्या पत्त्यावर सापडला तर ठीक, नाहीतर "परत!" आणि हा शब्द ते शिक्का मारल्यासारखा उच्चारतात, टेबलावर मूठ आपटून. समोर टेबल नसेल तर स्वतःच्या मांडीवर.

आमची सोसायटी खारघरला, डोंगराच्या अंगाला. आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो, काका आमच्या बरोबर वर. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये. इथे तीन फ्लॅट घेऊन ठेवलेले एक गृहस्थ खास पुण्याहून आले होते. सेक्रेटरी व्हायला तयार आहे, असं ते फार नम्रपणे म्हणाले. मागून काका उठले. "लिफ्ट बंद पडली तर तुम्ही पुण्यात किती जिने चढणार?"

गृहस्थ खाली बसले. दुसरं कोणी तयार होईना. मग लोक काकांनाच म्हणाले, तुम्ही व्हा. "नाही," काका म्हणाले. "मी चुका काढतो. दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत." त्यानंतर बरेच महिने सोसायटीला सेक्रेटरी नव्हता. लिफ्ट मात्र बंद पडत होती.

मग महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या जागेसाठी एकीकडे जुन्या गावातला नितीनभाऊ उभा होता. इथेच जन्मलेला, इथेच मोठा झालेला. काकांच्या परीक्षेत तो पेपर न लिहिताच पास. दुसरीकडे शिल्पाताई. त्या कामोठ्याच्या, पण गेटवर त्यांचा फ्लेक्स लागला, 'आपल्या शेजारची, आपल्या हक्काची'. आणि खरोखरच काकांच्या शेजारच्या फ्लॅटवर शिल्पाताईंच्या नावाची पाटी चढली. तो फ्लॅट बिल्डिंग झाल्यापासून कुलपात होता. त्या मजल्यावरचे सगळेच फ्लॅट तसे, विमानतळ होणार म्हणून कोणी कोणी घेऊन ठेवलेले. पाचव्या मजल्यावर राहतं घर एकच, काकांचं.

काकांनी भिंतीला कान लावला. "कुकर नाही. मिक्सर नाही. टीव्ही नाही," ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. "पाटी आली, माणूस आला नाही."

पुढे पार्किंगमध्ये शिल्पाताईंची सभा झाली. त्या पाणी, रस्ते, मेट्रो असं करत 'मी तुमची शेजारीण' इथपर्यंत आल्या आणि काका उभे राहिले. "शेजारी मी आहे. तुम्ही तिथे राहत नाही."

कार्यकर्ते खेकसणार, एवढ्यात शिल्पाताईंनी माईक खाली केला. "नाही राहत, काका. मुलाची शाळा कामोठ्याला. सासूबाईंना जिना उतरता येत नाही. हा फ्लॅट पक्षाने भाड्याने घ्यायला सांगितला, म्हणून घेतला."

काकांची तयारी खोटं पकडायची होती. खऱ्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "मग या ना राहायला."

"येते," ताई हसून म्हणाल्या.

आणि त्या आल्या. अगदी राहायला नाही, पण रोज संध्याकाळी, प्रचार संपला की. दार उघडायच्या, चपला भिरकावायच्या, गरम पाण्यात पाय सोडून बसायच्या. आणि त्याआधी काकांचं दार वाजवायच्या, "काका, आहात का?" कधी साखर हवी असायची, कधी नुसतंच. रात्रीच्या जेवणाला मात्र कामोठ्याला परत.

काका बदलले. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालू लागले. चहासाठी आलं कोणाकडे चांगलं मिळतं ते मला विचारलं. ताईंना त्यांनी वॉर्ड समजावून सांगितला, कुठला दिवा लागत नाही, कुठलं गटार कोणाच्या गेटसमोर तुंबतं. पत्त्याच्या नियमाने ते नितीनभाऊचे मतदार होते. चहापुरते ते कोणाचे होते, हे मी विचारलं नाही.

एकदा मीही वर गेले होते. ताईंनी सहज विचारलं, "काकू दिसत नाहीत कधी?"

"नागपूरला, लेकीकडे," काका म्हणाले. "बाळंतपणाला गेली. सहा महिने म्हणून."

"मग आता येतील."

"नातू दुसरीत आहे."

ताई मोठ्याने हसल्या आणि मधेच थांबल्या. "तुम्ही नाही जात?"

"जातो की. पण घर लहान. मी हॉलमध्ये झोपतो. पाणी प्यायला उठणारा प्रत्येक माणूस मला ओलांडून जातो. मग सगळेच पाणी प्यायचे कमी होतात. बरं दिसत नाही ते." एवढं सांगून काकांनी चहात साखर ढवळली. साखर आधीच घातलेली होती, ढवळलेलीही होती.

मतदान जवळ आलं तसे नितीनभाऊचे कार्यकर्ते मोबाईल घेऊन काकांकडे आले. मी जिन्यातच होते. एकाने कॅमेरा धरला. "काका, बोला तुमी. तुमी शेजारी हाव. ती बाई हितं ऱ्हात नाय ना?"

काकांच्या आयुष्यातला तो मोठा क्षण होता. त्यांचं तत्त्व सगळ्या वॉर्डाच्या मोबाईलवर जाणार होतं. त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "राहतात."

"काका, नीट सांगा ना."

"राहतात म्हटलं ना. रोज मिक्सर ऐकतो मी. सकाळी त्रास होतो." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पोरं गेल्यावर मी बेल वाजवली. काका दारातच उभे होते, अंगठ्याने कडी चाचपत. "खोटं बोललो, मॅडम," ते म्हणाले. "राहत नाही असं कॅमेऱ्यासमोर मी बोललो, की ती यायचीच बंद होणार."

निकाल लागला. शिल्पाताई थोडक्यात पडल्या. गावाकडून ढोलताशांचा आवाज येत होता तेव्हा काका गॅलरीत नव्हते. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. सामान म्हणजे एक टेबल, थोड्या खुर्च्या, गॅसची शेगडी आणि पाय बुडवायची बादली. शेगडी काकांनीच खाली नेली, कोणाला हात लावू दिला नाही. "येत जाईन, काका," ताई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या असाव्यात. काकांनी मान हलवली आणि टेम्पोवाल्याला रिव्हर्स घ्यायला मदत केली, गरज नसताना.

त्यानंतर काका खाली यायचे कमी झाले. मीटिंगला आले तरी उठले नाहीत. पुण्याचे गृहस्थ बिनविरोध सेक्रेटरी झाले. मला वाटलं आता तरी मूठ आपटतील. ते खिडकीबाहेर बघत होते.

मग एका रविवारी दुपारी ते मला गेटजवळ रिक्षातून उतरताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा.

"कुठे जाऊन आलात?"

"कामोठ्याला."

"मग? भेटल्या का ताई?"

"घरी नव्हत्या. वॉचमनने वर फोन लावला, कोणी उचलला नाही. म्हटलं थांबतो थोडं. त्याने खुर्ची दिली. भला माणूस." काका पुड्याची दोरी सरळ करत राहिले. "मग म्हटलं, निघावं."

"अहो, मग ताईंना फोन करायचा! मी करते आत्ता, तुम्ही येऊन गेलात म्हणून सांगते."

"नको, नको. त्यांना उगाच वाटेल." ते घाईने म्हणाले. आम्ही लिफ्टपाशी आलो. लिफ्ट बंद होती. पहिल्या मजल्यावर दम घ्यायला ते थांबले.

"वॉचमनने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?" ते म्हणाले. "नातेवाईक नाही. शेजारी म्हणावं, तर तेही आता नाही. मी म्हटलं, मतदार."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तेही खोटंच, मॅडम. मत मी नितीनला दिलं होतं. तो इथे राहतो ना."

चौथ्या मजल्यावर मी दार उघडलं आणि त्यांना आत या म्हटलं. पुडा छातीशी धरून ते उंबऱ्याबाहेर क्षणभर उभे राहिले, आणि मग चपला काढून आत आले.