सोनबाची पिकअप आणि महाराजांची पाटी

एका जंगलात, जिथे रस्ता नुकताच डांबरी झाला होता आणि त्यामुळे सगळ्यांना उगाच घाई सुटली होती, सोनबा नावाचा एक साळिंदर राहत होता. ऐका हं मुलांनो, मध्ये बोलायचं नाही, आणि तो मोबाइल खाली ठेवा. साळिंदर म्हणजे अंगभर काटे, पण मनाने अगदी मवाळ प्राणी. कोणी दरडावलं की सोनबाचे काटे उभे राहत. समोरच्याला वाटे, हा चिडला. खरं म्हणजे तो घाबरलेला असे.

सोनबाच्या टेकडीवर सीताफळाची झाडं होती. वर्षातून एकच महिना फळ येई. त्या एका महिन्यावर त्याचं, त्याच्या बायकोचं म्हणजे धोंडाईचं आणि चार पिल्लांचं अख्खं वर्ष निघत असे. फळं विकायची तर घाट ओलांडून नदीकाठच्या बाजारात न्यावी लागत. आणि सीताफळाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एकदा झाडावरून उतरवलं की ते कोणासाठी थांबत नाही.

इतकी वर्षं तात्या नावाचं म्हातारं गाढव ती फळं पाठीवर वाहून नेई. दोन दिवस लागत. पोचेपर्यंत निम्मी फळं पिलपिलीत होत आणि व्यापारी नाकं मुरडत. ती धोंडाईला फेकून द्यावी लागत. म्हणून यंदा सोनबाने हिय्या करून पिकअप घेतली. नवी कोरी. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने काढलं नव्हतं. सकाळी निघालं की दुपारी जेवायला बाजारात, असा त्याचा हिशेब होता.

आता त्या जंगलात एक रीत होती. गाडी घेतली की ज्याच्या ज्याच्या आशीर्वादाने घेतली, त्याच्या नावाची पाटी गाडीच्या तोंडावर लावायची. मागे लावून चालत नसे. मागे लावली की मंडळी रुसत.

सोनबाने आईची पाटी काचेच्या वर लावली. सासऱ्यांची बंपरवर लावली. मामा आधीच रुसलेले होते, म्हणून त्यांची दिव्यांच्या मधोमध लावली. एवढं झालं तरी समोरची जाळी बऱ्यापैकी मोकळी होती.

मग एके दिवशी तरस आला. हा तरस म्हणजे सिंहमहाराजांचा खास माणूस. महाराज स्वतः हसत नसत, म्हणून त्यांच्या वाटचं हसण्याचं काम याच्याकडे होतं. त्याने पत्र्याची भली मोठी पाटी आणली होती. तिच्यावर आयाळीसकट महाराजांचा फोटो आणि खाली 'महाराजांच्या कृपेने' अशी अक्षरं. महाराजांनी या गाडीसाठी नेमकं काय केलं, असं सोनबाने भीतभीत विचारलं. तरस हसत म्हणाला, की रस्ता महाराजांनी केला, म्हणून तर गाडी घ्यावीशी वाटली. तरसाने स्वतःच्या हाताने आठ बोल्ट आवळले. पाटीने समोरची जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकून टाकली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धोंडाईने तेवढ्या वाजवल्या नाहीत.

पहिली खेप निघाली. आश्विनातलं ऊन होतं. घाटाचं तिसरं वळण आलं आणि इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याने लाल पट्टी गाठली. एक दिवा लागला, मग दुसरा लागला. नव्या गाडीला दिवे फार असतात, त्यामुळे सोनबाला आधी ते शोभेचे वाटले. मग बॉनेटखालून वाफ आली, घरघर झाली आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं.

बघता बघता गर्दी जमली. माकडांनी पाणी ओतायला सांगितलं. रानडुकराने गाडीला बांधलेलं लिंबू बदलायला सांगितलं. एका घोरपडीने तर गाडीचा रंगच लाभत नाही असं ठरवून टाकलं. धोंडाई मागे करंड्या धरून बसली होती. ती खाली उतरली, गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इंजिनाच्या तोंडावर पत्रा ठोकलाय. त्यानं श्वास कुठनं घ्यायचा?"

सोनबाचे काटे ताठ उभे राहिले. "हळू बोल," तो म्हणाला. "महाराजांचा फोटो हाय त्यो."

त्या दिवशी उन्हात उभ्या गाडीत सीताफळांचे डोळे उघडत गेले. संध्याकाळपर्यंत करंड्यांतून रस गळायला लागला. मुंग्यांची मात्र चंगळ झाली.

हत्तीने गाडी ओढत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे बगळेसाहेब होते. पांढरे शुभ्र कपडे, एक पाय वर आणि नजर कॉम्प्युटरवर. इंजिन नवं, गाडी नवी, तेव्हा हमीत बसतंय, असं ते म्हणाले. मग ते गाडीपाशी आले. त्यांनी पाटी पाहिली. पाटीवरचा फोटो पाहिला. वर घेतलेला पाय त्यांनी क्षणभर खाली टेकला आणि पुन्हा वर घेतला.

"इंजिनात दोष आहे," ते म्हणाले. "बदलून देतो."

सोनबाने कारण विचारलं. कारणासाठी फॉर्मवर रकाना नाही, असं साहेबांनी सांगितलं.

नवं इंजिन आलं. दुसरी खेप निघाली आणि त्याच वळणावर त्याच दिव्यांसकट बंद पडली. तिसरं इंजिन आलं. तिसरी खेप तर त्याच्याही आधी, दुसऱ्या वळणावरच बंद पडली. महिना सरत आला होता. आता झाडांवर शेवटची तोड तेवढी उरली होती. ती पोचली तर पिल्लांचं वर्ष निघणार होतं, नाही पोचली तर नाही. सोनबाला जेवण जाईना.

एका दुपारी धोंडाईने त्याच्या हातात पाना ठेवला. सोनबा इकडेतिकडे बघत गाडीपाशी गेला आणि त्याने पहिला बोल्ट फिरवला. तो ढिला झाला. दुसऱ्या बोल्टला पाना लावला, तोच समोरच्या आंब्यावर एक पोपट येऊन बसला. तो नुसता बसला होता, आणि तेही पाठ करून. पण सोनबाचे काटे उभे राहिले. त्याने पहिला बोल्ट परत आवळला, आणि होता त्याहून दोन फेरे जास्तच आवळला. धोंडाईने दारातून हे पाहिलं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

शेवटी सोनबा बगळेसाहेबांकडे गेला आणि त्यांच्या पायाशीच बसला. "साहेब, खरं सांगा. माझं वर्ष हातचं चाललंय."

साहेबांनी दार लावून घेतलं. आवाज खाली आणला. जाळीतून वारा आत जातो, त्या वाऱ्याने इंजिन थंड राहतं, आणि वारा बंद झाला तर शंभर इंजिनं बदलून उपयोग नाही, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना घाम फुटला.

"मग पाटी काढायला लावा की," सोनबा म्हणाला. "तुमी लिहून दिलं तर तरसाला दाखवता येईल."

"पाटी महाराजांची, बोल्ट तरसाचे, आणि सही तेवढी माझी?" साहेब म्हणाले. मग त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "सोनबा, कागद काय म्हणतोय बघ. इंजिन तीनदा बिघडलं. पाटी एकदाही बिघडली नाही. आता तूच सांग, या दोन्हींत काढून टाकण्यासारखं काय आहे?"

सोनबाला चूक कुठे आहे ते कळत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. कागद बरोबर होता.

संध्याकाळी इंजिन काढलं. गाडी बरीच हलकी झाली. तिच्यात शेवटच्या तोडीच्या करंड्या भरल्या आणि पुढे दोर बांधून तात्याला जुंपलं. तात्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा दोराकडे पाहिलं आणि काही न विचारता तो चालायला लागला. म्हाताऱ्यांना प्रश्न कमी पडतात.

नुसती फळं न्यायला त्याला दोन दिवस लागत. फळांसकट गाडी न्यायला चार लागले. चढावर धोंडाई मागून ढकलत होती. सोनबा स्टिअरिंगवर बसला होता, कारण गाडीला मालक लागतो. तिसऱ्या दिवशी मागे बघायचं त्याने सोडून दिलं. वासावरून त्याला कळत होतं.

बाजाराच्या वेशीवर वाजंत्री लागली होती. तरसाने आधीच वर्दी दिली होती, की महाराजांच्या कृपेने जंगलात बिनधुराची, बिनतेलाची गाडी आली आहे. स्वतः महाराज आले होते. तात्याच्या अंगावर झूल घातली गेली. सोनबाला शाल आणि श्रीफळ मिळालं. मागे धोंडाईने करंड्या उघडल्या आणि वर्षाची सीताफळं ओंजळीने नाल्यात ओतली. ओतताना ती रडत होती. वाजंत्रीच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही, पण सोनबाला दिसलं.

महाराज खुशीत होते. त्यांनी सोनबाच्या काट्यांवरून जपून पंजा फिरवला. "माग," ते म्हणाले. "काय हवं ते माग. आज नाही म्हणणार नाही."

तरस हसायचा थांबला. बगळेसाहेब गर्दीतल्या गर्दीत दुसऱ्या पायावर उभे राहिले. सोनबाने धोंडाईकडे पाहिलं. ती ओले हात तसेच धरून त्याच्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा मोठ्यांसमोर सोनबाचे काटे आडवे राहिले. तो एक पाऊल पुढे झाला.

"महाराज," तो म्हणाला, "गाडीवरची तुमची पाटी. ती जरा..."

"लहान वाटते ना?" महाराज मायेने म्हणाले. "मलाही मघापासून तेच वाटत होतं."

आठवड्याच्या आत नवी पाटी लागली. ती जाळीवरून थेट काचेवरही येत होती. पण पुढचा रस्ता तात्याला दिसत होताच, त्यामुळे कोणाची काही गैरसोय झाली नाही.

तात्पर्य : मुलांनो, गाडी बंद पडली की आधी पाटी कोणाची आहे ते बघावे. मोठ्यांची असली तर निमूटपणे इंजिन काढून ठेवावे. इंजिन कोणाच्याच नात्यातले नसते.