वाकलं की विझतं

मी कात्री दाखवली, तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या शाळेच्या पालकसभेत नको असलेलं काम कोणाच्या गळ्यात घालायचं, हे दगड-कागद-कात्री खेळून ठरतं. माझी बायको तामाए सर्दीने घरी होती. मला पाठवताना तिने बजावलं होतं, "काही झालं तरी दगडच दाखवा." पण ऐनवेळी मला स्वतःची बुद्धी वापरायची हुक्की आली. (वर्षातून एकदा येते.) समोरच्या अकरा बापांनी दगड दाखवला. बहुधा त्यांनाही घरून तेच बजावलेलं असावं.

काम असं, की तिसरीच्या अठ्ठावीस मुलांना काजव्यांच्या नाचासाठी चमकणारं जाकीट शिवायला शिकवायचं. कमरेशी बटणाएवढा सेल, छातीवर चिमुकला दिवा आणि दोघांना जोडणारे, वीज वाहून नेणारे दोन दोरे.

"कुरामोचीसाहेबांच्या डाव्या हातचा मळ!" वर्गशिक्षिका निवाबाई म्हणाल्या. "तुम्ही दिवाबत्ती खात्यातच ना?"

आहे की! रस्त्यावरचा दिवा गेला की लोक नगरपालिकेत फोन करतात, आणि मी तो फोन कानाला लावून, कमरेत वाकून माफी मागतो. दिव्याला मी आजवर बोटही लावलेलं नाही. पण माझी मुलगी चिहाया त्याच वर्गात. चारचौघांत तोंड न उघडणारी ही पोर एवढं मात्र वर्गात बोलून बसली होती, की गावातले सगळे दिवे माझे बाबा लावतात. आता माघार कशी घेणार?

"बाबा, हे दोन दोरे एकमेकांना लागले तर?" तिने पहिल्याच तासाला हळूच विचारलं.

"तर दिवा जातो. म्हणून मधे बोटभर जागा सोडायची."

"नक्की पेटणार ना? मी सगळ्यांना सांगितलंय."

त्या 'सगळ्यांना सांगितलंय'ने माझी झोप उडाली. मी मुलांना जाकिटं घालून पळवलं, उड्या मारायला लावल्या, हात वर करायला लावले. नमुन्याचं जाकीट स्वतः कोटाखाली घालून ऑफिसात गेलो आणि दर अर्ध्या तासाने बटणं उघडून छातीत डोकावू लागलो. (शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टेबल हलवून घेतलं.)

कार्यक्रमाच्या दुपारी सभागृहाचे पडदे ओढले. अठ्ठावीस दिवे लखलखले. चिहाया माईकपाशी, अगदी पुढे. माझा जीव भांड्यात पडला.

"प्रेक्षकांना नमस्कार!" मुख्याध्यापक म्हणाले.

मुलं कमरेत वाकली आणि अठ्ठावीसही दिवे गेले.

वाकल्यावर जाकिटाला पोटाशी घडी पडते, घडीत दोन्ही दोरे एकमेकांना भिडतात. वाकून पाहायचंच राहिलं होतं. दिवसभर वाकणाऱ्या माणसाला तेवढंच सुचलं नव्हतं!

मी अंगातल्या नमुन्याच्या जाकिटासकट धावत मंचावर चढलो. "माफ करा! चूक सर्वस्वी माझी!" म्हणून वाकलो. माझा दिवा गेला. उठलो, आला. "पोरांचा काही दोष नाही!" पुन्हा वाकलो. पुन्हा गेला. मी माफी थांबवेना आणि दिवा मला साथ देणं थांबवेना.

"बाबा, गप्प बसा!"

सभागृहभर आवाज घुमला. चिहाया माईकमध्ये बोलली होती. "लोक टाळ्या वाजवताहेत!"

खरंच वाजवत होते. मुलं ताठ होताच सगळे दिवे परत आले होते आणि लोकांना वाटलं होतं, काजवे मुद्दामच असे उघडझाप करताहेत. मी बोंब मारली नसती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

"नमस्कार!" चिहाया ओरडली. मुलं वाकली, अंधार. उठली, उजेड. असं नऊ वेळा झालं. लोक थांबूच देईनात. मी बाजूला उभा राहून डोळे पुसले आणि पोरीचा तो खणखणीत आवाज ऐकत राहिलो. आता ऑफिसातसुद्धा माझी मान ताठ राहणार होती.

सोमवारी पहिला फोन एका आजींचा आला.

"शाळेजवळचा दिवा लागतो नि विझतो, लागतो नि विझतो. आणि दिवा गेला की पोरं त्याच्यापुढे वाकतात!"

"का बरं?"

"मी विचारलं. म्हणतात, हाही नक्की चिहायाच्या बाबांनीच लावला असणार."

मी कमरेत वाकलो आणि माफी मागितली.