राणीसावरगावचा ब्रेक ड्रम

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डॉ. बन्सीधर सेलूकरांनी एके सकाळी ठरवलं, की गाडी हातभर पुढे घ्यावी. बस्स, एवढंच ठरवलं. परभणीच्या त्यांच्या अंगणात मालनबाईंनी चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि गाडीची सावली नेमकी त्यांच्यावर पडत होती. बायकोला न सांगता तिच्या कुरडयांना ऊन मिळवून द्यावं, अशी प्रेमळ कल्पना त्यांच्या मनात आली. (लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माणसाच्या मनात अशा कल्पना येतात. त्या मनातच ठेवाव्यात हे कळायला मात्र चाळीस वर्षं पुरत नाहीत.)

गाडी हातभर पुढे आली. मग आणखी हातभर. सेलूकरांनी ब्रेक दाबला, तेव्हा मागच्या डाव्या चाकात 'कडाक्' असा आवाज झाला, आणि गाडी अजिबात घाई न करता, उतारावरून, झाडून सगळ्या कुरडयांवरून गेली आणि न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मालनबाई बाहेर आल्या. चादरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

"अहो, सांगितलं असतं तर मी चादर ओढली असती."

तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला हे सुचलं नव्हतं.

"शनिवारी भंगारवाल्याला बोलावते," त्या म्हणाल्या. "तोवर ब्रेक लागला तर ठेवा. नाही तर ही बला अंगणातून गेली पाहिजे."

'असेलही, नसेलही' असं म्हणण्यात सेलूकरांचं आयुष्य गेलं होतं. डॉक्टरेटसुद्धा त्यांनी 'अभावाचे ज्ञान' या विषयावर मिळवली होती. म्हणजे जी वस्तू नाही, ती नाही हे आपल्याला कळतं कसं, यावर साडेतीनशे पानं. अशा माणसाला त्या गाडीचं चाक हातात धरलं की जगात काहीतरी नक्की आहे असं वाटे. ती गाडी भंगारात जाणं म्हणजे उरलेला माणूस भंगारात जाणं.

गाडी मूळची मॉरिस, एका जागीरदाराची. पोलीस ॲक्शननंतर ती विकली गेली आणि परभणीच्या एका मिस्त्रीने तिला मिलिटरीच्या जीपचा मागचा दांडा बसवला, चाकं तिसरीकडची लावली आणि त्यांना जुळतील असे ब्रेकचे ड्रम स्वतः लेथवर खरादून घेतले. त्यामुळे तसा ड्रम जगातल्या कुठल्याही दुकानात मिळणं शक्य नव्हतं. त्या मिस्त्रीचा मुलगा कादरमियाँ याने फुटलेला ड्रम हातात फिरवला.

"साब, इस गाडी की एक बहेन है. अब्बाने दो बनाए थे. दुसरी राणीसावरगाव के माधवराव डॉक्टर को दिए. डॉक्टर तो गुजर गए, तीन बरस हुए. गाडी वहींच पडी होंगी."

बुधवारी पहाटेच्या एस.टी.ने सेलूकर निघाले. अंधारात चपला घातल्या, त्या डाव्या पायाची उजव्यात आणि उजव्या पायाची डाव्यात. गंगाखेडला ते लक्षात आलं. पण समोर दोन बायका बसल्या होत्या, त्यांच्यादेखत चपला बदलायचा धीर झाला नाही. उन्हासाठी त्यांनी आपली जुनी, साहेबी सोला हॅट घातली होती आणि टेकायला छत्री घेतली होती. त्या दिवशी अमावास्या आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ते गेलेच असते. (कदाचित गेले नसते. त्यांचं त्यांनाच सांगता येत नसे.)

फाट्यावर उतरून गावात पोचेपर्यंत दुपार माथ्यावर आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाने सगळ्या गावाचा आवाज शोषून घेतला होता. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. शाळेला सुट्टी होती. शाळेपुढच्या कडुनिंबाला घंटा म्हणून लोखंडाचं काहीतरी गोल टांगलेलं होतं. सेलूकर जवळ गेले, चष्मा सावरला, आणि त्यांचं काळीज धडधडलं. ड्रम! थेट आपल्या गाडीचाच. खात्री करायला त्यांनी छत्रीच्या मुठीने त्यावर हलकेच टिचकी मारली.

'ठण्ण्ण...'

एवढ्याशा टिचकीचा इतका मोठा आवाज होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तो गल्लीतून पुढे गेला, वळला, परत आला. एक खिडकी किलकिली झाली. आत कुणीतरी श्वास ओढला आणि खिडकी बंद झाली. मग दुसरी. मग एक दार. कडी लागल्याचा आवाज, आणखी एक कडी, आणि पुन्हा सगळं गप्प.

"अहो, कुणी आहे का?" सेलूकरांनी विचारलं. कुणी नव्हतं. म्हणजे सगळे होते, पण दारांच्या पलीकडे.

घाम पुसायला त्यांनी मान खाली घातली आणि अंगावर शहारा आला. त्यांना सावली नव्हती. झाडाला होती, ती त्याच्या बुंध्याशी गोळा झालेली. पण सेलूकरांच्या पायाशी काहीच नव्हतं. वैशाखात सूर्य बरोबर डोक्यावर आला की असं होतं, हे ते भूगोलात शिकले होते. पण शिकलेलं ऐन वेळी उपयोगी पडत नाही. साडेतीनशे पानं अभावावर लिहिली, पण स्वतःच्या सावलीचा अभाव त्यांनी कधी बघितला नव्हता.

डॉक्टरांचं घर गावाच्या टोकाला होतं. चिंचेखाली गाडीचा सांगाडा उभा होता, चाकं नाहीत, ड्रम नाहीत. समोरचे दोन रिकामे दिवे अगदी आपल्या गाडीसारखेच आपल्याकडे बघतायत असं सेलूकरांना वाटलं. त्यांनी दार वाजवलं. फटीतून एका म्हातारीचा डोळा दिसला. ही सरजाबाई, डॉक्टरांचा स्वयंपाक करणारी, त्यांच्या माघारी घर राखणारी.

"कोन?"

"मी डॉक्टर," सेलूकर म्हणाले. (पदवी त्यांनी मेहनतीने मिळवली होती.)

डोळा हॅटवरून खाली आला, पायांच्या जागी जरा थांबला, तिथल्या उलट्या चपला बघितल्या, आणि उघडाच राहिला.

"लय दिवसानं आलाव," म्हातारी हळूच म्हणाली.

"आज जमलं. मी गाडीसाठी आलोय. ड्रम पाहिजे."

"तेवढ्यात जीव अडकला व्हय तुमचा?"

"अडकलाय खरा. तो मिळाल्याशिवाय सुटका नाही."

"तिकडं लय तरास हाय का?"

"तिकडं? उकाडा फार आहे. अंगाची नुसती आग होते."

सरजाबाईने तोंडाला पदर लावला. मग पळसाच्या पानावर दहीभाताची एक मूद आणली, वर चिमूटभर हळदकुंकू, आणि उंबऱ्याबाहेर ठेवून ती पाच पावलं मागे सरली. सेलूकरांना हळदकुंकवाचं नवल वाटलं. पण त्या भागाची रीत असेल म्हणून त्यांनी तेवढं बाजूला सारलं आणि भुकेपोटी सगळा भात खाल्ला. म्हातारी हुंदके द्यायला लागली.

"डॉक्टर, भजी खाल्ल्याशिवाय तुमी कवा उठला न्हाईत. आज नुसत्या भातावर भागवलाव."

आपल्याला भजी आवडतात हे हिला कसं कळलं? ही नक्की कुणाशी बोलतेय? त्यांनी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. आणि का कोण जाणे, त्यामुळे त्यांना जास्तच भीती वाटली. आपण पहाटे घरून निघालो ते नक्की निघालो ना? एस.टी.त कंडक्टरने आपल्याकडे बघितलं होतं का? की न बघताच तिकीट फाडलं?

एवढ्यात चौघेजण आले आणि गल्लीच्या पलीकडेच थांबले. पुढे सरपंच दत्तराव, हात जोडलेले, नजर सेलूकरांच्या चपलांवर.

"डॉक्टरसाब, तुमच्या माघारी आमी तुमच्या गाडीचा ड्रम काढलो. शाळेत घंटा न्हवती म्हून. राग धरू नका."

"राग कसला? फक्त तो मला द्या. काय किंमत असेल ती..."

"तुमच्याकून पैशे?" दत्तराव दचकून मागे सरकले. "तसलं काई बोलू नका वो. तुमी बसा, वस्तू आनून देतो. पर परत येनं करू नका."

"कशाला येईन? एकदा मिळाला की मी सुटलो."

"सुटलाव म्हंजे बेस झालं," चौघेही एकदम म्हणाले.

चौघे सरजाबाईला घेऊन मागच्या दारी गेले. बराच वेळ कुजबुज चालली. मग सुतळीने घट्ट शिवलेलं एक गोणपाट त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवलं. जड, गोल, लोखंडी. वर लिंबू.

"शीव वलांडूस्तोवर सोडू नका," दत्तराव म्हणाले. "आन् मागं बगू नका."

"तुमचंच हाय," सरजाबाई डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या घरचं, तुमाला देलो."

सेलूकर निघाले. मागे बघायचं नाही असं सांगितल्यावर मान कशी आपोआप दुखायला लागते, ते त्यांनी त्या दिवशी अनुभवलं. फाट्यावर ते गोणपाट मांडीवर घेऊन बसले. आता सावली आली होती, बोटभर. तिच्याकडे बघून ते जरा सावरतायत तोच गावाकडून वाऱ्यावर आवाज आला:

'ठण्ण्ण...'

तोच. तोच सूर, तीच लांबण. सेलूकरांनी मांडीवरच्या ड्रमला मिठी मारली. ड्रम इथे होता. आवाज तिथून येत होता. त्यांनी त्यावर तर्क लावून बघितला, आणि जो निष्कर्ष निघाला तो ऐकून घ्यायची त्यांची हिंमत झाली नाही. ते डोळे मिटून एस.टी.ची वाट बघत राहिले. शीव ओलांडली, गंगाखेड आलं, परभणी आली. सुतळीला हात लावायला बोटं तयार होईनात.

दुसऱ्या सकाळी कादरमियाँ हत्यारं घेऊन अंगणात आला तो हसतच.

"साब, कल आप वहाँच थे ना? डायवर लोगां बोल रहे. कल भर दोपेर को माधवराव डॉक्टर का भूत आया! टोपी पहेन के. पावां उल्टे, छाव नहीं. घंटी बजाया, बोला मेरा डरम देव! बुढियाने उतारा रखी तो बैठ के पूरा खा गया!"

सेलूकरांनी खाली आपल्या चपला तपासल्या.

"गाव वाले भी हुशार. शाला की घंटी कौन देता? पानी का टँकर आया तो वोईच बजाते. बुढिया बोली, डॉक्टर को भजी पसंद थे..."

बोलता बोलता त्याने सुतळी कापली. आतून बिडाची एक कढई निघाली, काळी, जाड, एका कानाची. कादरमियाँने कढईकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग अंगणात साहेबांच्या पायाशी पडलेल्या सावलीकडे, जरा जास्तच निरखून. हत्यारं गोळा करून तो म्हणाला, "मैं बाद में आता, साब," आणि गेला तो महिनाभर त्या गल्लीत फिरकला नाही.

शनिवार आला. सेलूकर आरामखुर्चीत, भंगारवाल्याच्या हाळीकडे कान लावून. स्वयंपाकघरातून तळणाचा खमंग वास येत होता. मालनबाई बाहेर आल्या, ताटलीत फुललेल्या कुरडया घेऊन.

"भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "गाडीच्या टपावर कुरडया फार छान वाळल्या. एका दिवसात. राहू द्या तिला. पण तो ब्रेक बिलकुल करायचा नाही. चाकांखाली दगड लावलेत मी."

सेलूकरांना हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. (कुठलं जास्त, ते ठरत नव्हतं.)

"आणि कढई काय सुरेख आहे हो! आपल्या लग्नापासून मी बिडाची कढई मागतेय. तुमच्याच्यानं कधी आणवली नाही. शेवटी राणीसावरगावच्या भुताने आणली. ऐकलंय मी आतून, कादरमियाँ काय सांगत होता ते."

आता मात्र सेलूकरांना राहवेना. चाळीस वर्षांत बायकोने पहिल्यांदाच कौतुक केलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या नावावर जात होतं. ते खुर्चीत ताठ बसले.

"अहो, ते भूत मीच होतो!"

मालनबाईंनी त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"काहीतरीच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोण घाबरतंय?"