हलक्या गाडीचा भारी हॉर्न

आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की बाकीचे लोक त्यांना दूधवाल्याचा नंबर देतात. परुळेकरकाका आताआतापर्यंत त्यांना गेटपाशी उभं करायचे, स्वतः कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपल्या गाडीत बसायचे, हॉर्न दाबायचे आणि खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, "ऐकाक इला?"

समोरचा "हो" म्हणाला तरी सुटका नसायची. "किती इला? स्पष्ट, की आपला नुसताच?" असा पुढचा प्रश्न यायचा. मग त्याला जिन्यात पाठवायचे, मग पहिल्या मजल्यावर. एकदा कुरिअरवाल्याला त्यांनी गच्चीपर्यंत चढवला होता.

काका मूळचे मालवणकडचे. बोरिवलीत चाळीस वर्षं काढली, बोलतात आपल्यासारखंच. पण काळजी वाटायला लागली की त्यांच्या तोंडी मालवणी येते. गेल्या गणपतीपासून ती सारखीच येत होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यातून त्यांच्या समोरच्याच दाराचा शेजारी, त्यामुळे ती सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला यायची.

आधी गाडीविषयी सांगितलं पाहिजे. लाल रंगाची, दोन माणसांची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार. उंचीला माझ्या कमरेला लागेल एवढी. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशा गाड्या थोडे दिवस आपल्याकडे बनत होत्या, मग बंद पडल्या. रिटायर झाल्यावर काकांनी ती कुणाकडून तरी जुनी घेतली. "यात भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" एवढंच तेव्हा शालूकाकूंनी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

गाडी हलकी, आणि ती हलकीच राहावी हा काकांचा ध्यास. गाडीत पाण्याची बाटली ठेवत नाहीत. कुणाला बसवायचं झालं तर आधी खिसे रिकामे करायला लावतात. "अरे, फुलासारखी आहे रे ती. तिला ओझं सोसत नाही." मी बसलो की माझ्या पोटाकडे एकदा बघतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागतं.

रिटायर झाले तरी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते अजून जातात. तिथली वजनं-मापं तपासून देतात. संध्याकाळी बरोबर सातला गाडी गेटातून आत वळायची, काका हॉर्न वाजवायचे, आणि दुसऱ्या मजल्यावर काकू गॅसवर चहा टाकायच्या. हा त्यांचा गाडीच्याही आधीचा, स्कूटरच्या काळापासूनचा रिवाज. जिना चढून घरात शिरेपर्यंत चहा कपात. काका चारचौघांत फुशारकी मारायचे, "आमच्याकडे चहाची ऑर्डर खालूनच जाते."

आणि काकूंचे कान म्हणजे बिल्डिंगची मालमत्ता होती. असे तिखट कान मी दुसरे पाहिले नाहीत. चार घरांतले चार कुकर त्यांना शिट्टीवरून ओळखू यायचे. आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर बसलेले असायचे आणि दार वाजायचं. "अगो, तिसरी झाली. बंद कर, नाहीतर वरणाची पेज होईल." आमच्या हिच्या हातचा भात लग्नानंतर पहिली दहा वर्षं चांगला झाला तो निम्मा काकूंच्या कानांमुळे, हे ती स्वतःच कबूल करते. अलीकडे मात्र डाळ दोनदा करपली होती. काकू आताशा सांगायला येत नाहीत, वय झालं असेल, आपणच लक्ष द्यायला हवं, असं आमचं ठरलं.

तर गणपती झाले आणि काकांना अचानक आपल्या गाडीचा हॉर्न पुरत नाही असं वाटायला लागलं. मूळचा हॉर्न अगदी बारीक होता. दाबला की 'पीं' असा आवाज यायचा, आणि तोही जरा लाजल्यासारखा. मला काकांचं म्हणणं पटलं. एवढी बुटकी गाडी हायवेवर टँकरवाल्याला दिसत नाही, निदान ऐकू तरी गेली पाहिजे. मीच म्हणालो, "बदला काका, जीव महत्त्वाचा." हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

दसऱ्याला त्यांनी दोन आवाजांचा जोड-हॉर्न बसवला. त्याआधी भाजीवाल्याच्या काट्यावर दोन्ही हॉर्न तोलून आणले आणि तेवढ्याच वजनाचे पाने आणि जॅक गाडीतून काढून माझ्या घरी ठेवायला दिले. आता गाडी पंक्चर झाली तर काय, असं मी विचारलं. "पंक्चरची काळजी नाही रे. ऐकाक गेला पाहिजे." दिवाळीत त्यांनी तो हॉर्न काढून त्याहून दांडगा बसवला. माझ्या घरात सामान वाढत चाललं.

तळमजल्यावरच्या देशपांड्यांनी पहिली लेखी तक्रार दिली. गेटातून आत आल्यावर हॉर्न कशाला? आत कुठले टँकर आहेत? प्रश्न बिनतोड होता. महिनाभरात आणखी दोन अर्ज आले, आणि रविवारच्या मीटिंगमध्ये 'श्री. परुळेकर यांचं पार्किंग रद्द करणे' हा विषय घ्या, अशी मागणी झाली. माझी झोप उडाली. समोरच्या दारातल्या माणसाचं पार्किंग काढून घ्यायचं आणि रोज सकाळी पेपर उचलताना त्याचं तोंड बघायचं, हे माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

मी शनिवारी काकांना गाठलं. "काका, उद्या मीटिंग आहे. आज काहीतरी करा. पार्किंग गेलं तर गाडी विकावी लागेल."

काकांनी फडक्याने स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाले, "आज युसूफभाईकडे जातो. तू चल साक्षीला."

युसूफभाई म्हणजे जोगेश्वरीत गाड्यांचं वायरिंग करणारे. हॉर्न काढायला चाललो आहोत अशा समजुतीने मी खिसे रिकामे करून गाडीत उतरलो. चढलो असं म्हणता येत नाही. त्या गाडीत बसणं म्हणजे हायवेवर सतरंजी टाकून बसणं. डावीकडे बघितलं तर बसचं चाक, उजवीकडे बघितलं तर टँकरचं चाक, आणि दोन्ही चाकं माझ्या कानापेक्षा उंच. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. काका मात्र टँकरकडे ढुंकून बघत नव्हते. सबंध रस्ताभर त्यांनी हॉर्नला हातही लावला नाही. हे मला विचित्र वाटलं, पण विचार करण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

युसूफभाईंनी बॉनेट उघडलं आणि काका म्हणाले, "वो वाला लगाओ."

'वो वाला' म्हणजे दोन पितळी भोंगे आणि त्यांना हवा पुरवणारा एक पंप. माझं धाबं दणाणलं. "काका, आपण काढायला आलो होतो ना?"

"शेवटचा रे. हा शेवटचा. हा नाही तर मग काही नाही."

युसूफभाईंनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. "साहब, ये ट्रक का है. इतनीसी गाडी को लगाओगे तो हवालदार पकडेगा."

"हवालदार हमारे गेट पे किधर खडा रहता है?" काका म्हणाले.

हेही वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. दोन तास वायरिंग चाललं. भोंगे दिव्यांखाली बसले, पंपाला जागा नव्हती म्हणून तो माझ्या पायांपाशी बसला. बटणाची वायर बारीक, ती जळू नये म्हणून युसूफभाईंनी नवीन रिले टाकला. रिले म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. बटण दाबलं की ती बॅटरीतून सरळ हॉर्नला करंट सोडते आणि बटण सोडलं की तोडते. निदान तोडणं तरी अपेक्षित असतं.

गुडघे हनुवटीला लावून मी बोरिवलीपर्यंत आलो. सात वाजत आले होते. गेटातून आत आल्यावर काकांनी गाडी थांबवली आणि हॉर्न दाबला.

मूर्ती लहान, आवाज महान. काकांनी बटण सोडलं, पण हॉर्न सुटला नाही. रिले चिकटला होता. देशपांडे बनियनवर बाहेर आले. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला आणि का कोण जाणे, त्याने सलाम ठोकला. एकूण एक खिडकीत माणूस आलं, प्रत्येकाचे हात कानांवर. आमची ही गॅलरीतून मला काहीतरी ओरडून सांगत होती, ते काय होतं हे अजून कळलेलं नाही. मी काकांना गदागदा हलवलं. "काका, वायर काढा! वायर!"

काका गाडीबाहेर उभे होते. हातात पकड होती. पण ते गाडीकडे बघतच नव्हते. वर बघत होते. म्हणून मीही वर बघितलं.

दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत शालूकाकू मेथी निवडत होत्या. शांतपणे. एक जुडी संपली, त्यांनी देठं बाजूला केली. मग मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, उठल्या आणि गॅसवर चहाचं भांडं ठेवलं. खाली आकाश फाटलं होतं आणि त्यांनी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

काकांनी वाकून वायर ओढली. आवाज बंद झाला. माझ्या कानात मात्र तो कितीतरी वेळ चालू होता.

"ऐकाक नाय इला," काका म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच.

मी देशपांड्यांना हात जोडले, सगळ्यांना आत जायला सांगितलं, आणि आम्ही दोघं त्या गाडीत पुन्हा बसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. गणपतीत एकदा हायवेवर तासभर अडकले होते. आठ वाजता आले, हॉर्न वाजवला, वर गेले तर चहा कपात ओतलेला आणि गार. "तेव्हाच माझ्या लक्षात इला. ती हॉर्न ऐकून नाय टाकत. घड्याळ बघून टाकते."

"डॉक्टरकडे नेलंत का?"

"एकदा विषय काढला. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, तुमचं पुटपुटणं वाढलंय, माझ्या कानांना नावं ठेवू नका." काका जरा हसले. "अरे, आयुष्यभर अख्ख्या बिल्डिंगचे कुकर सांभाळले तिने. तिला कसं सांगू, की तुला आता ऐकू येत नाही? म्हटलं, तिचे कान कमी होतायत तर आपण आवाज वाढवू. तिला कळायच्या आधी वाढवू. म्हणजे झालं."

इतके दिवस मी या माणसाला चक्रम समजत होतो, त्याची मला लाज वाटली. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की हॉर्न काढून टाकला आहे, आता पुन्हा वाजणार नाही. देशपांडे म्हणाले, "पण लावला कशासाठी होता?"

"गाडी बुटकी आहे," मी म्हणालो. "टँकरवाल्यांना दिसत नाही." मिनिट्समध्येही मी तसंच लिहिलं. इतक्या वर्षांत त्या वहीत मी खोटं लिहिलं ते एवढंच.

मला वाटलं, विषय संपला. पण काका गप्प बसणारे नव्हेत. सोमवारी संध्याकाळी गाडी आत आली, ती नेहमीच्या जागी गेलीच नाही. पार्किंगपाशी एक छोटा चढ आहे. काकांनी गाडी पुढेमागे करून तिची पुढची चाकं त्या चढावर चढवली, नाक वर केलं आणि दिव्यांचा डिपर मारला, दोनदा. थंडीचे दिवस, सातला अंधार झालेला. उजेड थेट दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेला. काकू खिडकीशी आल्या, खाली बघून त्यांनी हात केला आणि वळून गॅस पेटवला.

घरी काकांनी सांगितलं की गाडीचा हॉर्न गेलाय. पार्ट मिळत नाही. इतक्या जुन्या गाडीचं असंच व्हायचं, आता दिव्यावर भागवायचं.

परवा मी ऑफिसातून आलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. साडेसात झाले होते, काका यायचे होते. मी बूट काढत होतो.

"काय रे सतीश, यांच्या गाडीचा हॉर्न गेला, कळलं ना तुला?"

मी मान हलवली.

"बरं झालं बाई एकदाचं. काय तो कर्कश आवाज! त्या शनिवारी तर माझे कान किटले नुसते."

"हो काकू," मी जरा आवाज चढवून म्हणालो. "फारच कर्कश होता." त्या माझ्या ओठांकडे निरखून बघत होत्या.

"अरे, ओरडतोस कशाला? मला काय ऐकू येत नाही?"

माझ्या पाठीमागे, आमच्या घरात, कुकरची तिसरी शिट्टी झाली. आणि पाठोपाठ चौथी. काकू जिन्याच्या खिडकीतून गेटकडे बघत होत्या, उजेड दिसतोय का ते. मी हळूच आत गेलो आणि गॅस बंद केला.