सत्काराशिवाय न उघडणारी अळंबी

उजेडात आल्याशिवाय कोणाचीही छाती फुलत नाही, हे सार्वजनिक जीवनात सर्वमान्य आहे. बुरशीच्या बाबतीत मात्र बेगडेवाडीच्या हनुमंतआबांनी ते मान्य करायला फार वेळ घेतला, आणि कारण तर अजूनही मान्य केलेलं नाही.

आबा तळेगावच्या एका कारखान्यात आयुष्यभर गेटवर सुरक्षा पर्यवेक्षक होते. कुलूप, पडदा आणि संशय यांवर त्यांची श्रद्धा. सून चैतालीनं नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये धिंगरी अळंबी लावली, तेव्हा शेडचं प्रशासन त्यांनी आपणहून हाती घेतलं. अळंबी अंधारातच होते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पेंढ्याच्या पिशव्या टांगून होताच त्यांनी खिडक्यांवर गोणपाट ठोकलं, बल्ब काढून खिशात टाकला आणि नियम जाहीर केले: आत काडी ओढायची नाही, बॅटरी लावायची नाही, पांढरा सदरा घालून जायचं नाही. (पांढऱ्या सदऱ्यानं काय होतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. नियमाला कारण विचारलं की नियम दुखावतो.)

अळंबी उगवली, पण गवारीच्या शेंगांसारखी. देठ लांबलचक, वर छत्री शर्टाच्या बटणाएवढी. लोणावळ्याच्या हॉटेलनं सगळा माल परत पाठवला. पुढच्या तोडणीलाही असंच आलं तर दुसरीकडून घेऊ, असा निरोपही सोबत होता. हे एवढं एकच गिऱ्हाईक होतं, आणि चैतालीनं सोडलेल्या नोकरीच्या खुर्चीवर केव्हाच दुसरं कोणीतरी बसलं होतं.

"आबा, बुरशीला उजेड कळतो," ती म्हणाली. कॉलेजात तिनं याच विषयाचा अभ्यास केला होता. "निळसर उजेड पडला की तिच्यातलं एक प्रथिन जागं होतं आणि जनुकांना कामाला लावतं. मगच छत्री नीट उघडते. ऊन नको, साधी ट्यूब पुरे."

"डोळं कुटं हायेत तिला?"

"डोळे नाहीत. तरी कळतं."

"डोळं न्हाईत आन् कळतंय! आगं, आमच्या रातपाळीच्या गड्यांना डोळं आसून गेट दिसत न्हवतं."

एवढं बोलून आबांनी चहा मागितला. (प्रशासनात यालाच सविस्तर चर्चा म्हणतात.)

चैतालीनं मग बुरशीचा नाद सोडला आणि माणसाचा धरला. दुसऱ्या दिवशी तिनं सहज सांगितलं की आपल्या अळंबी केंद्राचे मार्गदर्शक म्हणून आबांचा शेडमध्येच सत्कार करायचं चाललंय, फक्त अंधारात फोटो कसा येणार हा प्रश्न आहे. आबा गंभीर झाले. तासाभरात ट्यूब लागली. नाकाची सावली गालावर पडते म्हणून संध्याकाळी दुसरी लागली.

सत्कार यथासांग पार पडला. भाषणं दोन-अडीच तास चालली, दार उघडं राहिलं, हवा खेळली. फोटोत आबांचे डोळे मिटले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्कार झाला. रोज स्वतःचाच बरा दिसेना, तेव्हा इतरांना संधी मिळाली. भिकाजी मेस्त्रीचा झाला, पंप दुरुस्त केला म्हणून. भागुबाईंचा झाला, पेंढा कोरडा आणला म्हणून. शिरगावच्या साईमंदिराला निघालेल्या एका कुटुंबाचा झाला, रस्ता विचारला म्हणून. भाषण प्रत्येक वेळी आबांचं.

पुढच्या तोडणीला छत्र्या तळहाताएवढ्या आल्या. हॉटेलनं सगळा माल ठेवून घेतला आणि आणखी मागितला. चैताली पिशव्यांच्या आड जाऊन मनसोक्त रडली.

आबांनी शास्त्रीय निष्कर्ष काढला. शाल दिलेल्या दिवशी वाढ उत्तम, नुसत्या नारळावर मध्यम, गुलाबाच्या फुलावर असमाधानकारक. त्यानुसार ट्यूब रात्रंदिवस चालू ठेवून सत्कार दोन पाळ्यांत करावेत, असा आदेश निघाला.

"त्यानं काही होणार नाही, आबा," चैताली म्हणाली. "उजेड तोच राहिला की बुरशीतलंच दुसरं प्रथिन पहिल्याला आवरतं. कळलं, आता पुरे, म्हणतं."

आबांनी जवळच्या पिशवीवरून हात फिरवला. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"सत्काराला पुरे म्हन्तिया?" ते म्हणाले. "मंग जल्मभर बुरशीच ऱ्हानार ती."

शेड अजून जोरात चालू आहे. अडचण एकच, परिसरातली सत्कारायोग्य माणसं संपली आहेत, त्यामुळे पुढच्या रविवारी आपलं नाव धरलं आहे. कशाबद्दल, ते इथवर वाचलंत यावरून ठरवता येईल. आपण नको म्हणाल, याची चैतालीला कल्पना आहे. पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात आणि इस्त्रीचे कपडे घालून अर्धा तास आधी येतात. आपली कोणती बाजू फोटोत बरी येते, तेवढं आधी कळवा, म्हणजे ट्यूब त्या बाजूला सरकवता येईल.