थोपटून झोपवलेला पिझ्झा

पिझ्झा या विषयावर माझ्याशी वाद घालू नये. गर्वाने नाही, तुमच्या भल्यासाठी सांगतोय! पिझ्झाचा पाव मध्ये पातळ आणि कडेला टम्म फुगलेला हवा. त्यावर मक्याचे दाणे टाकणाऱ्याला दोन दिवस उपाशी ठेवावं. आणि चीज? चीजला वास हवा! दणदणीत वास! नाहीतर आमच्या फ्रिजमधल्या त्या चौकोनी पट्ट्या. त्यांतलं प्लास्टिक कुठे संपतं आणि चीज कुठे सुरू होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

ही मतं मी जेवताना मांडतो. रोज मांडतो. गेल्या आठवड्यात मेहुणी तिच्या तान्ह्या गोलूला घेऊन राहायला आली, सोबत सासूबाईही आल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून पिझ्झा मागवला आणि पहिल्याच घासाला मी नाक मुरडलं. बायकोने हातातला तुकडा खाली ठेवला.

"अहो, बस्स झालं! लग्न झाल्यापासून एक घास मला शांतपणे खाऊ दिला नाहीत. एवढं कळतं ना तुम्हाला? मग करून दाखवा!"

"दाखवतो की!"

"या दुकानापेक्षा चांगला झाला तर मी जन्मभर तुमची मतं ऐकेन. नाही झाला, तर वर्षभर जेवताना तोंडातून मत काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. फक्त घास आत."

"मंजूर!" मी म्हणालो. सासूबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं!

रविवारी सकाळीच कामाला लागलो. बायकोला म्हटलं, आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पीठ असं मळलं की दंड भरून आले. आता पीठ फुगायला हवी ऊब आणि शांतता. आमच्या घरात दोन्ही एकाच जागी मिळतात, झोपायच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर. पातेलं गार पडतं, म्हणून पीठ मोठ्या पिशवीत सैलसर बांधलं आणि घरातल्या सगळ्यांत मऊ पांघरुणात गुंडाळलं. ते पांघरूण गोलूचं होतं. चीजही फ्रिजमधून काढून, कागदात गुंडाळून तिथेच खिडकीत ठेवलं. जातिवंत चीज होतं! दारातूनच कळायचं.

दुपारी पीठ बघायला गेलो, तर दारातच सासूबाईंचं बोट ओठांवर दिसलं.

"श्शू! आत्ता कुठे डोळा लागलाय!"

पलंगावर बसून त्या एका हाताने हळूहळू थोपटत होत्या. चष्मा बाहेरच्या टेबलावर राहिला होता. मला वाटलं, गोलू झोपलाय आणि त्याच्या पलीकडे माझं पीठ आहे. बरंच झालं, आता खोलीत कोणी शिरणार नाही! मी पाय न वाजवता परत आलो. तासाभराने पुन्हा डोकावलो. सासूबाई थोपटतायत.

"चुळबुळतोय सारखा," त्या कुजबुजल्या. "जरा हात काढला की वर उचलला जातो. पण मी बरी सोडेन!"

"अजिबात सोडू नका," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो!

संध्याकाळी दार वाजलं. बायको आणि मेहुणी बाजारातून आल्या होत्या. मेहुणीच्या कडेवर गोलू!

सासूबाई खोलीतून बाहेर आल्या, चष्मा चढवला, गोलूकडे पाहिलं, मग वळून पलंगाकडे पाहिलं.

"अगं बाई! मग हा कोण?"

मी धावलो. पांघरूण उघडलं. अख्खी दुपार मायेने थोपटलेलं माझं पीठ पाटासारखं सपाट पडलं होतं. हरकत नाही! हार मानेन तर मी कसला! पिझ्झा चीजवर तरतो. खिडकीकडे वळलो. खिडकी रिकामी!

"इथलं पुडकं कुठाय?"

"ते होय?" मेहुणी म्हणाली. "भावजी, गोलूचा लंगोट कुणीतरी कागदात गुंडाळून तसाच खिडकीत ठेवला होता. दुपारी बाजारात जाताना खालच्या कचऱ्यात टाकला. काय तो वास! ताई, याला डॉक्टरकडे न्यायला हवं गं!"

तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी वाजली. मी ॲप्रनसकट जिना उतरलो आणि कोपऱ्यापर्यंत गाडीमागे धावलो. "थांबा! माझं चीज!"

गाडीवाल्याने ब्रेक मारला. "काय हरवलं साहेब?"

"चीज! कागदात गुंडाळलेलं!"

"हां, ते होय. ते मघाशी दाबून टाकलं. माझा जोडीदार अजून तिकडे तोंड करून उभा आहे."

मान खाली घालून घरी आलो. पण ओव्हन तापला होता आणि माझं डोकंही! माघार घेणं रक्तातच नाही. पीठ लाटलं, सॉस लावला आणि फ्रिज उघडला. त्यात ते होतं. चौकोनी. प्लास्टिकमधलं. घरात कोणी बघत नाही याची खात्री करून मी पट्ट्या सोलल्या.

पिझ्झा टेबलावर ठेवला तेव्हा ताटलीचा आणि त्याचा सारखाच आवाज झाला. सुरी चालेना. बायकोने बत्ता आणून दिला, आणि तेही हसत! कसाबसा तोडला. सासूबाईंनी एक तुकडा उचलला, चावायचा विचार केला आणि तो सोडून दिला. मेहुणीने तो तुकडा घेऊन, पुसून, रडणाऱ्या गोलूच्या हातात दिला. गोलूने तो हिरड्यांत धरला आणि रडणं बंद!

"बघा!" मी ओरडलो. "आवडला!"

"अहो, दात येतायत त्याला," बायको शांतपणे म्हणाली आणि दुकानाला फोन लावला.

दुकानाचा पिझ्झा आला. पहिला घास घेतला आणि काय सांगू! पाव मध्ये पातळ, कडेला टम्म! चीज कडक भाजलेलं, खमंग, अगदी माझ्या मनातलं! दिवसभर उपाशी होतो म्हणून असेल, पण आयुष्यात पहिल्यांदा मला या दुकानाचं मनापासून कौतुक करायचं होतं. तोंड उघडलं. बायकोने भुवई उचलली. मी तोंड मिटलं.

"कसा झालाय हो?" तिने मुद्दाम विचारलं. मी छताकडे पाहिलं. अट जेवताना बोलण्याची आहे, लिहिण्याची नाही, म्हणून तुम्हाला तरी हे सांगता येतंय. पण टेबलावर माझी नुसती घुसमट झाली हो!

सासूबाईंना माझी दया आली. माणूस मनाने फार चांगलं.

"अगं, छळू नका त्यांना. तोंडावरून दिसतंय की, आवडला नाहीये," असं म्हणत त्यांनी माझ्या ताटलीतले उरलेले दोन्ही तुकडे उचलून स्वतःच्या ताटलीत घेतले. "बळेबळे खाऊ नका हं जावईबापू!"