तळघरात कुणी मरत नाही

व्हर्लिन हाउगनच्या तळघरात इतक्या वर्षांत कुणीही मेलं नव्हतं, आणि याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

रविवारी चर्च आटोपलं की विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा गावातली चार माणसं, त्याला धरून, तिथे जमत आणि टेबलाभोवती बसून साहसाचा खेळ खेळत. व्हर्लिन एरवी शाळेत गणित शिकवायचा. इथे गोष्ट सांगायची आणि राक्षस चालवायचे, हे काम त्याचं. बाकीचे एकेका वीराचं सोंग घेत. कुणाला किती लागलं ते फासे ठरवत. त्याची बायको मार्लिस कुऱ्हाडवाली योद्धी होती. गावच्या पाद्रीणबाई जॉइस चोर झाल्या होत्या आणि मन लावून चोऱ्या करत. नॉर्बर्ट टेशचं मटणाचं दुकान होतं. तो झाला होता ब्रिगिटा नावाची संन्यासिनी. तिने मंत्र म्हटला की जखमा भरून येत. आठवडाभर कापाकापी केलेल्या माणसाला रविवारी कुणालातरी बरं करावंसं वाटे.

भानगड तिथेच होती. व्हर्लिनने खपून एक चिखलातला राक्षस तयार केला. त्याने पहिल्याच फटक्यात मार्लिसला आडवं केलं.

"मेले का मी?" तिने चीज चावत विचारलं.

"जवळजवळ," व्हर्लिन खुशीत म्हणाला.

"नॉर्बर्ट, बघ रे जरा."

नॉर्बर्टने फासे टाकले. ती ठणठणीत उठली आणि तिने राक्षसाची खांडोळी केली.

व्हर्लिनने मग गणित मांडलं. त्याच्या खेळात मारण्यापेक्षा बरं करणं स्वस्त पडत होतं. त्याने नवा नियम जाहीर केला: ब्रिगिटाच्या मंत्राचा गुण निम्माच येईल आणि मोडलेलं हाड महिन्याने जुळेल. नॉर्बर्ट त्या दिवशी एकदाही हसला नाही.

पुढच्या खेळात तिघंही गुहेच्या तोंडाशीच थांबली. जॉइसबाईंनी काठीने आत टोचून पाहिलं. मार्लिसने दगड टाकले. संध्याकाळपर्यंत दगडच चालले होते. शेवटी बाहेरच्या बाहेर, ओल्या पायरीवरून मार्लिस घसरली, हाड मोडलं आणि नियमाप्रमाणे तिला गावात खाट धरावी लागली. ब्रिगिटाने तिच्यासाठी सूप केलं. सूप सगळ्या गावाला आवडलं. तिघांनी खाणावळ काढली.

व्हर्लिनने त्या खाणावळीवर दरोडेखोर पाठवले. त्यांना पोटभर जेवू घातलं गेलं आणि त्यातला एक वाढपी म्हणून राहिला. ड्रॅगन पाठवला, तर मंडळींनी भांडीकुंडी उचलून शेजारच्या गावात दुकान थाटलं. वाईट याचं, की सगळ्यांना मजा येत होती. गुहेतले राक्षस ताटकळत होते आणि इकडे कांदा किती बारीक चिरावा यावर वाद रंगला होता.

"नियम रद्द," व्हर्लिन अखेर म्हणाला. "पण एकदा गुहेत चला. माझ्यासाठी."

"खाणावळ कोण बघणार?" जॉइसबाईंनी विचारलं.

"दरोडेखोर बघेल की."

तिघं बिचारी निघाली. आत मार्लिस पडली, ब्रिगिटाने उठवली. जॉइसबाई पडल्या, त्यांनाही उठवलं. या धावपळीत ब्रिगिटाचं स्वतःच्या जखमांकडे लक्षच राहिलं नाही. तेवढ्यात गुहेतल्या एका म्हाताऱ्या राक्षसिणीने तिच्यावर हात उगारला. फासा व्हर्लिननेच टाकला, सगळ्यांच्या देखत. सर्वांत मोठा आकडा पडला.

"मेली," नॉर्बर्ट शांतपणे म्हणाला.

"थांब जरा. राक्षसिणीला कमी दिसत असेल. म्हातारी आहे ती."

"मेली, व्हर्लिन."

"शेजारच्या गावात एक देऊळ आहे. तिथे मेलेल्यांना उठवतात."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

नॉर्बर्टने नकारार्थी मान हलवली. दोघी जगल्या ना, मग ब्रिगिटाचं काही अडलं नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. इतकं झकास मरण त्याने कुठल्याच खेळात पाहिलं नव्हतं. जॉइसबाईंनी दफनाच्या वेळची खरीखुरी प्रार्थना म्हटली. ती संपली तेव्हा व्हर्लिन चष्मा काढून नाक शिंकरत होता. मार्लिसने त्याच्या हातात रुमाल दिला आणि भल्या मनाने दुसरीकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी नवा वीर घेऊन येतो," नॉर्बर्ट कोट चढवत म्हणाला. "याला मारायला मात्र इतकी वर्षं लावू नकोस."

खाली मान घालून व्हर्लिन राक्षसिणीच्या ताकदीचा आकडा खोडत होता आणि त्याच्या जागी निम्मा लिहीत होता.